उत्तरात उतारा दिसतो का?

पेण तालुक्यातल्या वाशी, वढाव, दादर, रावे या खारेपाटातल्या गावांच्या शेतीवर सातवीच्या मुलांसाठी एक माहितीपर उतारा तयार करायचा असेल, तर तो साधारण असा होईल : ‘खाडीकाठची बरीच शेतजमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. खारे पाणी अडवण्यासाठी तिच्याभोवती मातीचा बांध घातलेला असतो. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. ओहोटीच्या वेळी उघाडीचे दार उघडते आणि शेतात साचलेले पावसाचे पाणी खाडीत निघून जाते. भरती आली की दार बंद होते. मोठ्या उधाणात बांधाला खांड पडली, तर खारे पाणी शेतात शिरते. उभे भातपीक अशा पाण्यात तग धरत नाही. जमिनीत मुरलेले मीठ पावसाच्या पाण्याने हळूहळू धुतले जाते आणि त्याला अनेकदा एकाहून जास्त पावसाळे लागतात.’ एवढ्या आठ वाक्यांवर तीन गुणांचा एक प्रश्न विचारू : ‘बांधाला खांड ऑगस्टमध्ये पडली तर जास्त नुकसान, की जानेवारीत पडली तर? उताऱ्याच्या आधारे तुमचे मत लिहा.’

आता पाच उत्तरे समोर आली असे धरू. ती इथे समजावण्यासाठी रचली आहेत, पण शिकवणाऱ्या कोणालाही ती ओळखीची वाटतील. एका मुलाने लिहिले, ‘ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा शेतात भात उभे असते आणि ते खाऱ्या पाण्यात टिकत नाही.’ एका मुलीने लिहिले, ‘जानेवारीत, कारण तेव्हा मीठ धुऊन न्यायला पाऊस नसतो. ते जूनपर्यंत जमिनीतच राहील.’ तिसऱ्याने ‘मोठ्या उधाणात’पासून शेवटपर्यंतची तीन वाक्ये जशीच्या तशी उतरवून काढली. चौथीने वळणदार अक्षरात लिहिले, ‘शेतकरी आपला अन्नदाता आहे. बांध फुटल्याने त्याचे अतोनात नुकसान होते. म्हणून बांधांची वेळोवेळी दुरुस्ती करणे ही काळाची गरज आहे.’ पाचव्याने एकच ओळ लिहिली, घरात बोलतात त्याच आगरी वळणाची आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलेली : ‘थंडीत खांड परली त पाऊस नसते, मीठ शेतान रहाते.’ गुण द्यायला बसलेल्या हाताला सवयीने चौथे उत्तर सर्वांत चांगले वाटते आणि पाचवे सर्वांत कच्चे. आकलनाच्या दृष्टीने मात्र नेमके उलटे आहे. चौथीचे उत्तर उतारा न वाचताही लिहिता येते. तिने ऑगस्ट आणि जानेवारी हे दोन शब्द पाहिलेच नाहीत. पाचव्याने उताऱ्यातले शेवटचे वाक्य उचलले, त्याला ऋतूंची जोड दिली आणि जे उताऱ्यात कुठेही लिहिलेले नाही अशा निष्कर्षावर तो पोहोचला. आकलन म्हणायचे ते यालाच.

माहितीपर उताऱ्यावरच्या लेखी उत्तराला गुण देताना आधी एकच गोष्ट पाहावी, मुलाने उताऱ्यातून काय उचलले आणि त्याचे पुढे काय केले, एवढेच मला सांगायचे आहे. बाकी सारे, म्हणजे अक्षर, शुद्धलेखन, वाक्यांची लांबी, मताचा सज्जनपणा, हे दुसऱ्या रकान्यात. ऐकायला ही गोष्ट सोपी वाटते, पण आपल्या तपासण्याच्या पद्धतीत ती फार थोड्या ठिकाणी पाळली जाते आणि त्याचे कारण शिक्षकांचा आळस हे नाही. लेखी उत्तरात तीन गोष्टी एकमेकींत मिसळून येतात : वाचून समजलेले, आधीपासून माहीत असलेले आणि लिहिण्याची हातोटी. समजलेले डोक्यात असते, ते थेट दिसत नाही. दिसते ते लिहिणे. म्हणून गुण लिहिण्याला जातात आणि आपण समजतो की ते समजण्याला दिले.

यातली मधली गोष्ट, म्हणजे आधीपासूनची माहिती, सर्वांत फसवी आहे. वर दिलेला उतारा रावे गावच्या मुलाला दिला, तर ओहोटीला उघाडीतून पाणी बाहेर जाते हे तो उतारा न उघडता सांगेल. त्याच्या घरच्यांचे भात त्या दारावर अवलंबून असते. तोच उतारा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत वाढलेल्या मुलीला दिला, तर तिला प्रत्येक वाक्य नव्याने समजून घ्यावे लागेल. ‘ओहोटीला काय होते?’ या प्रश्नाला दोघांनी सारखेच उत्तर लिहिले, दोघांना सारखाच गुण मिळाला, पण एकाचे वाचन तपासले गेलेच नाही. म्हणून प्रश्न काढणाऱ्याने वर्गात जाण्यापूर्वी स्वतःला विचारावे की हा प्रश्न उतारा झाकून सोडवता येतो का. येत असेल तर तो माहितीचा प्रश्न आहे, वाचनाचा नाही. ऑगस्ट-जानेवारीचा प्रश्न खारेपाटातल्या मुलालाही उताऱ्याकडे परत पाठवतो, कारण त्यात ‘उताऱ्याच्या आधारे’ ही अट आहे आणि तिचा हिशेब गुण देताना घ्यायचा आहे. अट प्रश्नात छापायची आणि तपासताना सोडून द्यायची, असे झाले तर मुले ती अट वाचणेच सोडून देतात.

जगात हे काम गांभीर्याने कसे केले जाते याची दोन उदाहरणे उघड उपलब्ध आहेत. ‘पर्ल्स’ ही चौथीच्या मुलांची आंतरराष्ट्रीय वाचन चाचणी २००१ पासून दर पाच वर्षांनी होते. तिच्यातला निम्मा भाग गोष्टींचा आणि निम्मा माहितीपर मजकुराचा असतो. मजकुरात उघड सांगितलेले शोधणे, सरळ अनुमान काढणे, वेगवेगळ्या भागांतले धागे जुळवून अर्थ लावणे आणि मजकुराची पारख करणे अशा चार पातळ्यांवर प्रश्न असतात. लेखी उत्तरांना एक, दोन किंवा तीन गुण असतात आणि ते देताना शुद्धलेखन वा वाक्यरचना मोजली जात नाही. फक्त समज मोजली जाते. दुसरी ‘पिसा’ ही पंधरा वर्षांच्या मुलांची चाचणी. तिच्या २००० सालच्या पहिल्या फेरीत भिंतींवरच्या ग्राफिटीबद्दल दोन पत्रे दिली होती, एक तिच्या विरोधात आणि एक बाजूने. मुलांना विचारले होते की तुम्हाला कोणाचे पटते, पत्रांत जे म्हटले आहे त्याचा आपल्या शब्दांत उल्लेख करून सांगा. मत कोणतेही चालत होते. गुण मिळवायला पत्रातला एखादा मुद्दा हातात धरून बोलणे आवश्यक होते. ‘भिंती घाण करणे वाईट’ एवढेच लिहिणाऱ्याला गुण नव्हता. खांडीच्या प्रश्नात पहिल्या मुलाची आणि दुसऱ्या मुलीची मते परस्परविरोधी असूनही दोघांनाही पूर्ण गुण मिळायला हवेत, त्यामागे हाच न्याय आहे. शिक्षकाच्या मनात ‘ऑगस्ट’ हे उत्तर पक्के असेल आणि त्याने ‘जानेवारी’वर फुली मारली, तर त्या मुलीला चुकीचा धडा मिळतो : सरांच्या मनातले ओळखायचे, समोरचे वाचायचे नाही.

आपल्याकडे काय चालते ते आता पाहू. दहावीच्या मराठी कुमारभारतीत २०१८-१९ पासून प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. विचार चांगला होता : पाठांतरापेक्षा भाषेचा वापर तपासायचा. पण गुणांची मांडणी बघा. ८० गुणांच्या लेखी परीक्षेत पाठ्यपुस्तकातल्या दोन गद्य उताऱ्यांना प्रत्येकी ७ गुण आहेत आणि त्यांतले ३-३ गुण स्वमताचे. मुलाने पूर्वी कधीच न पाहिलेल्या, म्हणजे अपठित गद्य उताऱ्याला ४ गुण आहेत, म्हणजे एकूण लेखी गुणांचा विसावा हिस्सा, आणि तेही आकृती, चौकटी, ओघतक्ते भरण्याचे. उताऱ्याचा आधार घेऊन स्वतः विचार मांडायचा प्रश्न जिथे आहे तिथे उतारा वर्षभर शिकवून झालेला आणि त्यावरचे स्वमत गाईडमध्ये छापलेले. जिथे उतारा खरोखर नवा आहे तिथे सलग वाक्यात विचार लिहायची गरजच नाही. वाचून समजले का, हे ज्या जागी लिहून दिसले असते, ती जागाच पत्रिकेत उरलेली नाही. चौकट भरण्याला माझा विरोध नाही. लहान तपशील शोधता येतो का हे तिच्यावरून चांगले कळते. पण ‘का’ आणि ‘कशावरून’ यांची उत्तरे चौकटीत मावत नाहीत.

गुणांच्या आकड्याला आपण जेवढे मानतो तेवढा तो स्थिर नसतो, हे दहावीच्याच निकालांनी दाखवले आहे. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० अंतर्गत गुण काढून टाकले, त्याच वर्षी नवा अभ्यासक्रमही आला आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये अंतर्गत गुण परतले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या मुलांची समज इतकी खाली जाऊन इतकी वर येणे शक्य नाही. काय मोजले आणि कोणी मोजले, यावर आकडा हलला. शिक्षण हक्क कायद्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, त्यात आकारिक मूल्यमापन म्हणजे शिकता शिकता मुलाला मदत होईल अशी पारख अपेक्षित होती. व्यवहारात नोंदवहीतल्या ठरावीक वर्णनात्मक नोंदींपुढे ती फारशी गेली नाही. २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीसाठी राज्याच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या या चाचण्या शाळेतलेच शिक्षक तपासतात. त्यांच्याबरोबर उत्तरसूची येते. खुल्या प्रश्नासाठी त्या सूचीत फक्त एक आदर्श उत्तर असेल, तर पेणच्या शाळेत एका उत्तराला तीन गुण आणि रोह्याच्या शाळेत त्याच उत्तराला एक गुण पडणे अटळ आहे.

हे सारे परीक्षेपुरते राहिले असते तर इतकी तळमळ वाटायचे कारण नव्हते. पण माहितीपर मजकूर शाळा सुटल्यावर आयुष्यभर माणसाची पाठ सोडत नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीने २०२३ मध्ये देशातल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांना जलसंजीवनीच्या पाकिटावरच्या सूचना वाचायला देऊन चार प्रश्न विचारले. ज्यांना पहिलीच्या पातळीचा किंवा त्यापुढचा मजकूर वाचता येत होता, अशांपैकी सुमारे ६५ टक्के मुलांनीच त्यातल्या किमान तीन प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली. म्हणजे अक्षरे वाचता येणाऱ्या तिघांपैकी एकाला औषधाच्या पाकिटावरून पुरता बोध झाला नाही. त्याच पाहणीत पट्टीच्या शून्यापासून ठेवलेल्या वस्तूची लांबी सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर सांगितली. वस्तू पट्टीवर थोडी पुढे सरकवली तेव्हा जेमतेम ३९ टक्क्यांना जमले. ओळखीच्या मांडणीत जमते, मांडणी हलली की अडते. पाठ्यपुस्तकातला उतारा आणि गावातली नोटीस यांच्यातही नेमके एवढेच अंतर आहे.

पेण आणि रोह्यात असा मजकूर भरपूर आहे. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, भूसंपादनाच्या नोटिसा आल्या, तेव्हा १८९४ च्या कायद्याप्रमाणे कलम ४ ची अधिसूचना निघाल्यापासून हरकत घ्यायला ३० दिवसांची मुदत होती. कोणते कलम, कोणती तारीख, हरकत कोणत्या गोष्टीला, हे कागद वाचून कळणाऱ्याला आणि न कळणाऱ्याला मिळणारी संधी सारखी नव्हती. त्या प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावले गेले, ती घटना सर्वांच्या लक्षात आहे. तिच्या आधी घरोघर वाचल्या गेलेल्या कागदांचा विचार फारसा कोणी केला नाही. रोहे तालुक्यात पावसाळ्यात कुंडलिका आणि नागोठण्याची अंबा यांच्या पाण्याची माहिती प्रशासन रोज देते, तिच्यात प्रत्येक नदीची इशारा पातळी, धोका पातळी आणि आजची पातळी असे तीन आकडे असतात. पाणी इशारा पातळीच्या वर आणि धोका पातळीच्या खाली आहे, याचा अर्थ घरात काय करायचा? हा आकलनाचा अस्सल प्रश्न आहे आणि तो मराठीच्या तासाला विचारता येतो. धाटावच्या रासायनिक कारखान्यांच्या फाटकावरच्या सुरक्षा सूचना, दिवा–रोहा गाडीचे वेळापत्रक, खताच्या गोणीवरचे प्रमाण, हे सर्व उतारेच आहेत. आपल्या अपठित उताऱ्यांत तक्ता, नकाशा, तळटीप क्वचितच दिसते. सलग, गोड, उपदेशाकडे झुकणारे गद्य बहुधा असते. मूल्यमापन सुधारायचे तर उताऱ्याची निवडही बदलावी लागेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : खुल्या उत्तराचे गुण तपासणाऱ्याच्या मर्जीवर जातात, त्यापेक्षा बहुपर्यायी प्रश्न बरे. हा आक्षेप खोटा नाही. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा एका पत्रिकेला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले आणि दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. पण त्या शिक्षकांना आधी एकत्र बसवून कशाला किती गुण हे ठरवून दिलेले नव्हते. आपल्या मंडळात परीक्षकांवर नियामक आणि नियामकांवर मुख्य नियामक असतात ते याच कारणासाठी; एकत्र ठरवले तर फरक कमी होतो हे व्यवस्थेने मान्यच केलेले आहे. ती शिस्त दहावी-बारावीपुरती ठेवण्याचे कारण नाही. बहुपर्यायी प्रश्नांची जागा मी नाकारत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत लाखो मुलांचे पेपर काही आठवड्यांत तपासायचे, तर दुसरा मार्ग नाही. पण तिथे योग्य पर्याय डोळ्यांसमोर छापलेला असतो. नोटिशीखाली चार पर्याय नसतात; तिच्यातून काय निघते हे वाचणाऱ्याला स्वतः मांडावे लागते.

दुसरा आक्षेप मराठीच्या शिक्षकांचा असतो आणि तो मनापासूनचा असतो : शुद्धलेखनाला गुण कापले नाहीत तर मुले बेफिकीर होतील. शुद्धलेखन शिकवलेच पाहिजे. त्याला भाषाभ्यासात आणि उपयोजित लेखनात भरपूर जागा आहे आणि तिथे काटेकोर राहावे. आकलनाच्या उत्तरातही चुकीच्या शब्दाखाली रेघ ओढावी, वर बरोबर रूप लिहावे. फक्त आकलनाचा गुण कापू नये. रायगडात हा मुद्दा अधिक नाजूक आहे. आगरी घरातले मूल ‘शेतान’ म्हणते. कातकरी वाडीवरचे मूल घरी वेगळीच बोली बोलते आणि आई-वडिलांबरोबर काही महिने वीटभट्टीवर गेले तर प्रमाण मराठी त्याच्या कानावरही पडत नाही. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेत अशा मुलांच्या आश्रमशाळा आहेत. या मुलाला उतारा समजला आणि त्याने तो आपल्या वळणात मांडला, तर दोन गोष्टी वेगळ्या नोंदवायला हव्यात : समजले, पूर्ण गुण, प्रमाण लेखनासाठी अमुक सराव हवा. दोन्ही मिळून ‘तीनपैकी एक’ असे लिहिले, तर पुढचा शिक्षक त्याला पुन्हा बाराखडीकडे नेईल. त्याला हवी होती विभक्तीची ओळख, मिळाले वाचनाचे पहिले पाऊल. उलट सुंदर अक्षराच्या चौथ्या मुलीला तीनपैकी तीन मिळाले, तर तिला उतारा वाचायलाच शिकवायचे राहून गेले आहे हे कोणाच्याच ध्यानात येणार नाही. चुकीच्या गुणांनी तिचेही नुकसान होते, ते फक्त उशिरा दिसते.

तिसरा आक्षेप वेळेचा. शिक्षण हक्क कायद्याने वरच्या प्राथमिक वर्गात एका शिक्षकामागे ३५ मुले सांगितली आहेत. वाडी-वस्तीवरच्या शाळेत मुले कमी असली तरी एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो आणि त्यात निवडणुकीची, जनगणनेची, पोषण आहाराच्या नोंदींची कामे आहेत. म्हणून मी रोजच्या तपासणीची भाषा करणार नाही. आठवड्यातून एक उतारा, त्यावर एकच खुला प्रश्न, दोन-तीन वाक्यांचे उत्तर. एका उत्तराला एक मिनिट धरले तर ३५ मुलांचे काम एका तासिकेत होते. दहा प्रश्नांच्या चौकटी तपासायला लागणाऱ्या वेळेपेक्षा हा वेळ जास्त नाही, आणि मुलाचे डोके कुठे अडते ते त्यात दिसते.

गुण कशाला द्यायचे हे प्रश्नाबरोबरच, उत्तरे येण्यापूर्वी लिहून ठेवावे. खांडीच्या प्रश्नासाठी ते एवढेच असेल : उताऱ्यातला एक मुद्दा, म्हणजे उभे पीक किंवा पावसाने मीठ धुतले जाणे, नेमका उचलला असेल तर एक, तो निवडलेल्या महिन्याशी जोडून कारण सांगितले असेल तर आणखी दोन, महिना निवडला पण कारण उताऱ्याबाहेरचे किंवा सर्वसामान्य असेल तर शून्य. उतारा तसाच उतरवणाऱ्या तिसऱ्या मुलाला एक गुण मिळेल, कारण योग्य जागा त्याने शोधली आहे. तिथून पुढचे पाऊल त्याने टाकलेले नाही. पहिल्याच्या, दुसरीच्या आणि पाचव्याच्या उत्तरांना तीन. अशी नोंद मुलांनाही आधी दाखवावी. गुण कशाला आहेत हे लपवून ठेवण्यात काही शिस्त नाही.

त्यानंतरचे काम एकट्या शिक्षकाचे नाही. राज्यात केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात, केंद्रातले सर्व शिक्षक एका शाळेत जमतात. त्यातला एक तास यासाठी द्यावा. एकाच प्रश्नाची दहा उत्तरे नावे झाकून सर्वांना वाटावीत, प्रत्येकाने स्वतंत्र गुण द्यावेत, मग आकडे फळ्यावर लिहून जिथे फरक पडला त्या दोन-तीन उत्तरांवरच बोलावे. ‘मी एक का दिला’ हे सहकाऱ्याला सांगताना शिक्षकाला स्वतःचा निकष प्रथमच स्पष्ट होतो. पनवेलच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने रायगडातल्या मजकुरावर, म्हणजे खारभूमी, मिठागरे, पेणच्या गणपती कारखान्यांतली माती आणि साचे, कुंडलिकेचे पाणी यांवर, असे उतारे आणि गुणांच्या नोंदी एकदा तयार करून दिल्या, तर प्रत्येक शाळेला पुन्हा सुरुवातीपासून मेहनत करावी लागणार नाही. स्थानिक उताऱ्यांबरोबर दूरचेही हवेत. ‘पिसा’च्या २००९ च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ७४ सहभागी प्रदेशांच्या यादीत तळाशी आले, तेव्हा प्रश्न परक्या संदर्भाचे होते असे आपण म्हटले. त्यात थोडे तथ्य होते. पण माहितीपर मजकूर बहुतेक वेळा परक्या गोष्टीबद्दलच असतो. माहीत नसलेले समजावे म्हणूनच तो वाचायचा असतो. ओळखीच्या मजकुरावर हात बसवावा आणि तिथेच थांबू नये.

राहिला मुलाच्या हाती परत जाणारा कागद. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचे पुढचे काम सुधारले, नुसत्या गुणांनी सुधारले नाही, आणि गुणांबरोबर शेरा दिला तरी शेऱ्याचा उपयोग उरला नाही, कारण मुलांचे लक्ष आकड्यावरच राहिले. सरावाच्या उत्तराला म्हणूनच आकडा नको, एक वाक्य हवे. ‘छान’, ‘सुधारणा हवी’ हे शेरे कामाचे नाहीत. चौथीला लिहावे, ‘उताऱ्यात पावसाबद्दल काय म्हटले आहे ते पुन्हा वाच आणि जानेवारीशी जोड.’ तिसऱ्याला, ‘ही वाक्ये बरोबर निवडलीस, आता यांवरून कोणता महिना, ते तुझ्या शब्दांत.’ मग दोन मिनिटे देऊन तेच उत्तर पुन्हा लिहायला सांगावे.

पेण, रोहे आणि शेजारच्या तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना विनंती आहे की पुढच्या घटक चाचणीत मराठीच्या पेपरात न शिकवलेला एक माहितीपर मजकूर घ्या, त्यावर एक तरी ‘कशावरून’ असा प्रश्न ठेवा आणि त्याच्या गुणांची नोंद चाचणीआधी सर्व शिक्षकांनी मिळून करा. पालकांनी पालकसभेत टक्केवारी विचारण्याआधी मुलाची अशी एक उत्तरपत्रिका मागावी आणि उतारा शेजारी ठेवून ती वाचावी.